तीन बोटांची वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. हल्ली ऑकलंडजवळ अल्बनीला एका नव्या घराच्या दाराशी असते. पण माझा जन्म अमेरिकेतल्या चार्ल्सटनजवळ, नदीकाठच्या चिखलात झाला. तिथे तेव्हा माणसं विकत घेतली जायची. अशाच गुलाम माणसांनी माती तुडवली, साच्यात भरली. मी ओली असताना एका लहान मुलीने मला उन्हात उलटवलं. तिची तीन बोटं माझ्या अंगात रुतली. भट्टीत त्या खुणा पक्क्या झाल्या.

मग मोठ्या घराच्या भिंतीत मी पिढ्यान्‌पिढ्या भार पेलला. लोक मालकाची वाहवा करत. मला घडवणाऱ्यांचं नाव कोणी घेतलं नाही. तिची बोटंही चुन्याखाली झाकली गेली.

भिंत पाडली तेव्हा न्यूझीलंडहून तिथे मैत्रिणीकडे आलेल्या वसुंधराने मला मागून घेतलं. न्यूझीलंडमध्ये बाहेरची माती चालत नाही, म्हणून तिने मला टूथब्रशने घासलं. घासता घासता तिचं बोट खळग्यात गेलं.

"अहो, हे बघा," ती नवऱ्याला, गुरुनाथांना म्हणाली. "लेकराची बोटं!"

मग पामर्स्टन नॉर्थ या तिच्या गावी, घरी आलेल्या प्रत्येकाला ती माझ्यावर बोटं ठेवायला लावायची.

गेल्या वर्षी वसुंधरा गेली. त्यानंतर त्यांच्या मुलाने, नितीशने, अल्बनीत घर बांधायला घेतलं. पायाभरणीला त्याने मला हळदकुंकू वाहिलं. खळगे कुंकवाने भरले. काँक्रीटची गाडी तयार होती.

"बाबा, आईची वीट पायात जाऊ दे. आई कायम घराखाली राहील."

गुरुनाथांनी मला घट्ट धरलं. "घराखाली? तिला कधी एका जागी बसवत होतं का?"

"बाबा, मुहूर्त टळेल."

"टळू दे. ही पोरगी एकदा भिंतीत पुरली गेली. पुन्हा पुरायची नाही. तुझ्या आईने तिला बाहेर काढलंय."

"आजोबा, पोरगी? विच वन?" नातीने, अनुयाने विचारलं.

त्यांनी रुमालाने कुंकू पुसलं. "ये, बोटं ठेव."

अनुयाची बोटं बरोबर बसली. "डॅड! शी वॉज माय साइज!"

नितीशने वाकून पाहिलं. मग तो गाडीवाल्याकडे वळला. "सॉरी मेट, दोन मिनिटं... आय मीन, टू मिनिट्स." आणि दुसरी वीट आणायला गेला.

आता मी दाराशेजारच्या भिंतीत आहे, अनुयाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, खुणा बाहेर करून. गुरुनाथ जाता-येता माझ्यावर हात ठेवतात. मी अजून भक्कम आहे. घडवणाऱ्यांनी मला तसंच घडवलंय.

मित्रांनो, जुन्या भिंतीपाशी गेलात तर मालकाच्या नावाची पाटी वाचून पुढे जाऊ नका. विटांवरून हात फिरवा. एखादं बोट लागलं, तर तुमचं बोट क्षणभर तिथेच राहू द्या.