पाणी जरा निवू दे

रोह्याच्या मोहल्ल्यात अमीनाने सारा संसार चहावर काढला. कॉफी म्हणजे तिच्या लेखी बाटलीतली पावडर, दूध आणि साखर, तीही घरात कोणाला सर्दी झाली तर. नवरा नूरमहंमद मस्कतला एका कंपनीत होता. दोन वर्षांतून एकदा दीड महिन्यासाठी यायचा, पुढ्यात येईल ते खायचा-प्यायचा, कशाला नावं ठेवायचा नाही. कंपनीत तो स्टोअर इन्चार्ज होता. लेक सादियाचं लग्न पेणला रामवाडीत ठरलं तेव्हा व्याह्यांनाही तेच सांगितलं होतं.

सव्वीस वर्षांनी तो कायमचा परतला, तो थरथरते हात घेऊन. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि हे वाढतच जाणार, असंही स्पष्ट सांगितलं.

त्याच सुमारास सादियाचा नवरा चिकमंगळूरला फिरून आला. तिथून आणलेलं भाजलेल्या कॉफीच्या बियांचं एक पाकीट सादियाने माहेरी दिलं. अमीनाने बिया मिक्सरला पार पीठ होईस्तोवर दळल्या, चहासारख्या खळाखळा उकळल्या आणि कप नवऱ्यापुढे ठेवला. त्याने एक घोट घेतला.

"जाळलीस गो," तो म्हणाला. मग स्वतःच ओशाळला. इतक्या वर्षांत त्याने तिच्या हातच्या कशाला नाव ठेवलं ते हे पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्याजवळ येऊन उभा राहिला. हात पाठीमागे एकात एक घट्ट धरलेले, म्हणजे थरथर दिसायला नको. बिया जाड्या रव्याइतक्याच दळायला सांगितल्या. जुन्या मलमलीचा तुकडा गरम पाण्यातून काढून भांड्याच्या तोंडावर बांधायला आणि त्यात दळलेली कॉफी घालायला सांगितली. अमीना उकळतं पाणी उचलायला गेली तसं त्याने तिला थांबवलं.

"पाणी जरा निवू दे. आधी नुसती भिजंल एवढंच घाल. आता थांब. फुगते बघ."

कॉफी खरोखरच हळूहळू वर आली, वर बुडबुडे धरले. मग त्याने बारीक धारेने, गोल गोल, न थांबता ओतायला लावलं. पहिले काही दिवस कधी धार जाड झाली, कधी फडकं भांड्यात बुडालं. कधी नुसतं रंगाचं पाणी उतरलं. पण दर सकाळी तो तिथे उभा राहायचा आणि अमीनालाही त्या वेळेची ओढ लागली. लग्नानंतर दोघं इतका वेळ एका जागी कधी उभी राहिली नव्हती.

एके दिवशी कॉफी जमली. नूरमहंमदने दोन्ही हातांनी कप धरला, अर्धी कॉफी पिऊन मान डोलावली. अमीनाने सहज विचारलं, की स्टोअरमध्ये हे कोणी शिकवलं तुमाला?

त्याने कप ओट्यावर ठेवला.

"स्टोअर नव्हतं, अमीना. पँट्री होती."

मग त्याने सगळं सांगितलं. एजंटने स्टोअरची नोकरी म्हणून नेलं, तिथे गेल्यावर कळलं की काम चहा-कॉफी करायचं आणि कप धुवायचं. तोवर स्टोअर इन्चार्ज झालो असं घरी पत्र गेलेलं होतं. एकदा लिहिलं ते लिहिलं, मग मागे फिरता आलं नाही.

अमीनाला राग आला नाही. तिला आठवला तो मुलगा, फैजल. विसाव्या वर्षी तो बापाच्या मागे लागला होता, मलाही तुमच्या स्टोअरमध्ये लावा म्हणून. तीन वर्षं बाप प्रत्येक फोनवर सांगत राहिला, जागा नाय. शेवटी पोराने समजून घेतलं, की बापाला आपण जवळ नको आहोत. तो धाटावला एका कंपनीत ऑपरेटर म्हणून लागला आणि तेव्हापासून बापाशी कामापुरतंच बोलायचा. आता एकाच घरात राहत असूनही शिफ्टवरून आला की जेवून सरळ माडीवर जायचा.

"त्याला सांगा तुमी," ती म्हणाली.

"नको. मी त्याला दगडाच्या काळजाचा वाटलो तरी चालंल. कप धुणारा नको वाटायला." आणि त्याने तिच्याकडून शब्द घेतला.

पुढचे चार महिने सकाळी कॉफीबरोबर थोडं थोडं मस्कत यायचं. मग नूरमहंमदच्या छातीत कफ भरला. पेणच्या हॉस्पिटलात नेला. फैजल रजा टाकून चार दिवस खाटेशेजारी बसला. बाप छताकडे बघायचा, लेक मोबाइलकडे. अमीनाच्या ओठांवर कितीदा तरी आलं, पण शब्द दिलेला होता आणि नवरा बरा होऊन घरी येईल असंच ती धरून चालली होती. पाचव्या दिवशी सकाळी तो गेला.

मातीला आलेले व्याही म्हणाले, माणूस एवढ्या मोठ्या हुद्द्यावर होता, पण बडेजाव नाही. अमीनाने मान वर केली नाही.

चाळिसावा झाला. एका दुपारी शिफ्टवरून येऊन फैजल तिच्यापुढे जेवायला बसला.

"अम्मी, अब्बांनी मला तिकडे का नाय नेलं? तुला कधी बोलले?"

अमीनाने सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. ताट तसंच पडलं.

"तुला कधी कळलं?"

"पाच-सहा महिने झाले."

"मी चार दिवस शेजारी बसलो होतो गो अम्मी," तो म्हणाला. "तवा तरी सांगायचंस."

 शब्द पाळला असं म्हणणं तिला स्वतःलाच खोटं वाटलं.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून स्वयंपाकघरात आला आणि अब्बा तिकडे कसे राहायचे ते विचारू लागला. तिने जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. एका खोलीत सहा जण. कॉफी शिकवली ती एका केरळच्या माणसाने. जुम्म्याला नमाज झाली, कपडे धुऊन झाले, की एकटेच समुद्रापर्यंत चालत जायचे.

"आजारी पडले तर बघायचं कोण?"

अमीना आठवत राहिली. ते नूरमहंमदने कधी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

"नाय माहीत," ती म्हणाली.

फैजल तिच्याशेजारी खाली बसला. शिफ्टची बस निघून गेली तरी तो उठला नाही.