मास्तर तंबूत बसले

"मंग घ्या माह्यं नाव," शांतवन म्हणाला आणि ताटावरून उठला. "समद्यायच्या देखत घ्या. पन मी माफी मांगनार नाई. मी काय कोनाच्या घरी चोरी केली?"

भाकरी थापता थापता त्याच्या आईचा, सुभद्राबाईंचा, हात थांबला. इंद्रभान मास्तर चष्मा पुसत बसले. काच तशी स्वच्छच होती.

"अन् नाव घेतलं तं मी भुसावयले जाईन मामाकडं. तठी कोनी इचारत नाई, का बा तू काल कुठी गेल्ता."

एवढं बोलून पोरगा बाहेर गेला. केसांचा कोंबडा आणि पायांना चिकटलेली पँट, असा त्याचा अवतार दारातून जाताना मास्तरांनी पाहिला आणि नेहमीसारखं बोलायला तोंड उघडलं. आज ते मिटून घेतलं. एकुलता एक मुलगा. गेला तर परत यायचा नाही, हे त्यांना कळत होतं.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. धामणगाव बढ्यात आमची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. दर रविवारी पत्र्याच्या एका खोलीत उपासना व्हायची आणि महिन्यातून एकदा बुलढाण्याहून पाळकसाहेब एस.टी.नं यायचे, तेव्हा प्रभुभोजन. भाकरीचा एक तुकडा आणि प्याल्यातला एक घोट. पण तो नाकारला जाणं म्हणजे स्वतःच्या घरात पानावरून उठवल्यासारखं. आमच्या मंडळीचा नियमच होता की जुगार, तमाशा किंवा सिनेमा यांत जो सापडेल त्याचं नाव सगळ्यांसमोर घ्यायचं, आणि त्यानं उभं राहून माफी मागेपर्यंत त्याला भोजन नाही.

ज्वारी खळ्यावरून घरी आली, की बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागायचा. यंदा आमची तीन पोरं तिथं शिरताना अर्जुनराव कंपाउंडरांनी पाहिली. अर्जुनराव स्वतः त्या वेळी तंबूसमोर काय करत होते, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिघांत शांतवन होता, आणि नावं घ्यायचं काम यंदा ज्या वडिलांकडे होतं ते होते त्याचेच वडील.

मंडळीत 'वडील' ही एक जबाबदारी असते. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी शब्बाथशाळा घ्यायचे, म्हणजे मंडळीच्या पोरांना बायबलातल्या गोष्टी सांगायचे. माणूस सरळ, थोडा कडक. सिनेमाविरुद्ध ते कित्येक वर्षं बोलत आले होते आणि सिनेमा कधी पाहिलेला नसल्यामुळे बोलताना त्यांना कसलीच अडचण येत नसे.

"तुमी कधी पाह्यला काय हो?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"पाहाची काय गरज? मले मालूम हाय त्याच्यात काय असते."

"काय असते?"

मास्तरांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

"मले तं भेव वाटते," सुभद्राबाई म्हणाल्या. "त्याले बोलनं सोपं हाय. तो गेला म्हंजे बोलसान कोनाले?"

दुसऱ्या दिवशी शांतवन पुन्हा तंबूकडे गेला आणि त्याच्यामागून दिवेलागणीला मास्तर कोट घालून निघाले. मनात बेत साधा होता. तंबूत शिरायचं, पोराचा हात धरायचा आणि त्याला घरी आणायचं. एवढ्यानं तो वरमला, तर माफीही मागेल. फुकट शिरले असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी तिकीट काढलं.

दारावरच्या कडूबानं तिकीट फाडता फाडता वर पाहिलं. "मास्तर? तुमी? पोट्टं हरपलं काय?"

"हाव," मास्तर म्हणाले. "पोट्टंच पाहाले आलो."

आत खेळ सुरू झाला होता. अंधार, विड्यांचा धूर आणि इंजिनाची धडधड. जमिनीवर गाव बसलं होतं. शाळेत ज्यांना वेगवेगळ्या ओळींतून उठवून शेजारी बसवायला मास्तरांना मारामार व्हायची, ती माळ्याची, पाटलाची, बौद्धवाड्यातली पोरं इथं मांडीला मांडी लावून शेंगा खात होती आणि त्यांच्यामध्ये शांतवन होता, गुडघ्यावर बोटांनी गाण्याचा ताल धरून. त्याच्या गळ्यात बौद्धवाड्यातल्या भिमाबाईच्या पोराचा हात होता. 'मिशनवाला' म्हणून लहानपणी रडत घरी येणारं हेच पोर, हे मास्तरांना आठवलं. पोरगा इथं काय बघायला येतो एवढंच त्यांनी आजवर मनात धरलं होतं. तो कुणाजवळ बसायला येतो हे कधी सुचलंच नव्हतं.

हात धरायला ते वाकत वाकत पुढे गेले. शांतवनच्या मागे तानाबाई बसली होती, गुजरीत भाजी विकणारी म्हातारी. तिला हिंदी कळत नव्हती आणि शांतवन मान वळवून तिला सांगत होता.

"माय, थो मोठा भाऊ म्हनते, घर सोडून जा. अन् लहाना काई बोलत नाई. निस्ता उभा हाय. पाय, निस्ता उभा हाय..."

इथं तो थांबला. एक बोट वर धरलं आणि थांबला.

"मंग?" तानाबाई म्हणाली. "मंग काय झालं बाप्पा?"

मास्तर होते तिथंच खाली बसले. ते बोट त्यांचं होतं. ते थांबणंही त्यांचंच. शब्बाथशाळेत गोष्ट रंगात आली, की ते असंच बोट वर करून थांबायचे आणि समोरची पोरं खिडकीतून बाहेर बघत असायची. शांतवनही त्यांतलाच. 'मंग काय झालं' असं त्यांना कितीतरी वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आपला मुलगा आपलं ऐकत नाही, अशी त्यांची खात्री होती. ऐकत होता की! 

मग एक नाच आला तेव्हा त्यांनी मान खाली घातली. जरा उशिराच घातली, असं कडूबा पुढं कित्येक दिवस सांगायचा. पडद्यावरची आई पोराची वाट बघत दारात बसली तेव्हा मात्र मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली आणि सिनेमाला आपण रडतोय याचा त्यांना मनस्वी राग आला. पोराचा हात धरायचा राहून गेला. खेळ संपल्यावर ते गर्दीतून निघून आले. शांतवननं त्यांना पाहिलं नव्हतं.

घरी सुभद्राबाईंनी विचारलं, "आनला नाई?"

"नाई."

"मंग गेल्ते कायले?"

"सांगीन रविवारी," मास्तर म्हणाले.

रविवारी पाळकसाहेब रंगराव सकाळच्या गाडीनं आले. खोली भरली. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे आणि मागच्या सतरंजीवर ती तिघं पोरं, मान ताठ करून. शांतवनची पिशवी भरलेली आहे हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. नाव घेतलं गेलं की तो थेट एस.टी. स्टँडवर जाणार होता.

मास्तर उभे राहिले. आवाज नेहमीचाच होता, वर्गात हजेरी घ्यावी तसा. त्यांनी दोन पोरांची नावं घेतली. मग म्हणाले, "शांतवन इंद्रभान." शांतवन उठायला लागला.

"आणि इंद्रभान मास्तर," मास्तर म्हणाले. "मंडळीचे वडील."

कुणाला काही उमगेना. मग अर्जुनराव गडबडीनं उठले. "पाळकसाहेब, मले कडूबानं सांगतलं. मास्तर पोट्ट्याले आनाले गेल्ते. थे काई सिनेमा पाहाले गेले नोयते. थे नाव धरू नोका."

सगळ्या खोलीनं सुटकेचा श्वास टाकला. वाट मोकळी होती. मास्तरांनी फक्त मान हलवायची होती.

"आनालेच गेल्तो," मास्तर म्हणाले. "पन मंग बसलो. शेवटपावतर बसलो. अन् अर्जुनराव, मले आवडलं."

बायांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं आणि पदर तोंडावर घेतला.

"अहो, नियम पोट्ट्यायसाठी हाय," अर्जुनराव म्हणाले.

"मंग तसा करा. आजवर तं समद्यायसाठी होता. पाळकसाहेब, सिनेमा चांगला का वाईट, मले सांगता येत नाई. त्याच्यात वाईट बी होतं. पन आमच्या पोट्ट्यायले तठी शेजारी भेटते. इथी भेटते तो निस्ता मास्तर. मले याच्यावर बोलाचं हाय, आपन बसू अन् बोलू. पोट्ट्यायले घेऊन बोलू. तवरोक नियम हाय तसा चालू द्या."

पाळकसाहेबांनी मागच्या सतरंजीवरच्या पोरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "दुपारी बसू. सगळेच बसू."

मास्तर पुढच्या ओळीतली आपली जागा सोडून मागं गेले. पोरांनी सरकून जागा दिली. तरुणपणी पहिल्यांदा घेतल्यापासून त्यांनी एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं; तापानं फणफणलेले असतानाही घोंगडी पांघरून आले होते.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. ताट ओळीओळीतून मागं येऊ लागलं. शांतवननं एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा बापाच्या रिकाम्या हातांकडे. आणि तो झटकन उठला.

"मी माफी..."

मास्तरांनी त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं. "मनातून वाटते काय तुले?" ते कुजबुजले.

शांतवननं मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते.

"नाई नं? मंग बस. माह्यासाठी खोटं बोलू नोको."

ताट मागच्या सतरंजीपर्यंत आलं आणि परत फिरलं. प्यालाही तसाच गेला. मग गीत सुरू झालं, तेव्हा मागून चौघांचा आवाज उठला. शांतवन गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होता, तंबूत धरायचा तसाच. अर्जुनरावांनी मागं वळून पाहिलं. मास्तरही ताल धरत होते, चुकत चुकत, आणि पोरगा आपला हात सावकाश हलवून त्यांना ताल दाखवत होता.