रेडीचं वय

डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून दीड वर्ष झालं, तरी धुरपदाबाई ऑपरेशनला तयार नव्हत्या. पहिल्यांदा तारीख मिळाली तेव्हा त्यांना खोकला झाला. दुसऱ्यांदा कापूस वेचायला आला. डोळ्यात सुई घालतात, एवढंच खरं कारण होतं, पण ते त्यांनी नवऱ्याला, निंबा आबांनाही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वेळी सून कामिनीने त्यांना विचारलंच नाही. सकाळी गाडी दारात आली, आणि दहा वाजता धुरपदाबाई धुळ्याच्या दवाखान्यात हिरवा गाऊन घालून पलंगावर बसलेल्या होत्या.

तिथे सगळंच रेडी होतं. फाइल रेडी, रिपोर्ट रेडी, आत टेबल रेडी. हा शब्द धुरपदाबाईंना नवा नव्हता. कापसाचा टेम्पोवालाही गाडी काढण्याआधी तोच ओरडायचा. पण आता त्यांचं सगळं ध्यान घरी होतं. म्हशीच्या रेडीने कालपासून चारा सोडला होता. शेजारच्या सुगंधाबाईंना फोन लावायला म्हणून कामिनी बाहेर गेली होती, ती अजून आली नव्हती.

तेवढ्यात नर्स आली. "आजी, रेडी?"

"घर शे," धुरपदाबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या.

"काय?"

"रेडी. घर शे. चारा खात नही."

नर्सने फॉर्मवरून नजर उचलली. "वय किती?"

"सव्वा वरीस."

नर्सने ते लिहिलं नाही. ती तेजस नावाच्या तरुण डॉक्टरांना घेऊन आली. दोघं खिडकीशी हळू बोलले. धुरपदाबाईंचा डोळा अधू होता, कान शाबूत होते.

"भान नसेल तर त्यांची सही चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी स्मरणशक्ती बघू. एकदोन उत्तरं चुकली तर आज घरी पाठवू."

धुरपदाबाईंना एकदम हलकं वाटलं. चुकायचंच तर होतं. वार विचारला तर रविवार सांगायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"आजी, आज वार कोणता?"

"शुक्रवार," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"महिना?"

"कार्तिक. तुम्हना नोव्हेंबर."

"शंभरातून सात गेले?"

"त्र्याण्णव." पुढचे सात त्यांनी न विचारताच काढले. "शहाऐंशी."

डॉक्टरांनी सुरुवातीला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, ते आता विचारले. हा शेवटचा प्रश्न होता. धुरपदाबाईंनी ओठ मिटून घेतले आणि त्या भिंतीकडे पाहत बसल्या.

डॉक्टर थांबले. नर्सने जिभेने च्च केलं. "बिचारी," ती म्हणाली.

सुईची भीती एकीकडे आणि हे एकीकडे. गावात बत्तीस वर्षं भजनी मंडळाची सगळी पदं ज्यांना तोंडपाठ, त्यांना कुणी बिचारी म्हटलं नव्हतं.

"आंबा, खुर्ची, नाणं," धुरपदाबाई म्हणाल्या. "अनी तुम्हना खिसाले शाई लागेल शे."

डॉक्टरांनी खिसा पाहिला. लागली होती.

मग कामिनी आली आणि रेडीचा उलगडा झाला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फाइलवर 'स्मरणशक्ती उत्तम' असं लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म पुढे केला. आता मागे फिरायला जागा नव्हती. धुरपदाबाईंनी पूर्ण नाव लिहिलं, अक्षर नीट काढलं.

आत वीस मिनिटं लागली. सुई त्यांना दिसलीच नाही. याचा त्यांना जरा रागच आला. जिला दीड वर्ष घाबरल्या, तिचं तोंडही पाहायला मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. समोर कामिनी उभी होती. तिच्या कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. रात्रभर ती बाकड्यावर बसून असावी. पण केस काही एका रात्रीत पांढरे होत नाहीत. धुरपदाबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"आई, दिसतंय का?" कामिनीने विचारलं.

"दिसस," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तू जेवनी का?"