भिंतीपलीकडचा ठोका

"ताई, पहिल्या रांगेत बस हं. आज सगळं सांगून टाकतो," असं धाकट्याने फोनवर म्हटलं, आणि मी ठेवणीतले कपडे काढले. वेडी कुठली!

'सगळं' म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्या जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत माझं होतं. धाकटा गेमच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा. कंपनीला बाहेरच्या माणसाचं काम चालत नव्हतं, म्हणून पडद्यावर नाव त्याचं गेलं. "नाव कुणाचं का असेना, घरातच राहतंय," असं मीच म्हणाले होते. त्या गेमला पुढे कुत्रंही विचारणार नाही असं वाटलं होतं. आता लोक त्याच धूनवर नाचतात, आणि गेममध्ये हे डान्स म्युझिक आलं कुठून, हे ऐकायला सभागृह भरतं.

आलं ते माझ्या मोडलेल्या पायातून. पाय प्लास्टरमध्ये, मी पलंगावर, आणि उशाच्या भिंतीपलीकडे डान्स हॉल. धाकटा तिथे नाचायला जायचा. मला भिंतीतून नुसता ठोका यायचा, आणि फळीवरचा कप त्याबरोबर किणकिणायचा. धाकट्याने करमणुकीला म्हणून कंपनीतलं मशीन घरी आणून दिलं होतं. त्यातून एका वेळी तीनच आवाज निघत. दोन सुरावटीत खर्च व्हायचे. तिसऱ्याच्या गळ्यात ढोल आणि खर्ज दोन्ही. ढोल वाजला की खर्ज गप्प, मग पुन्हा वर यायचा. कंपनीतले याला मशीनची खोड म्हणत. मला वाटलं, अगं बाई, हा तर माझ्या भिंतीचा आवाज! मी धूनभर तोच वापरला.

धाकटा घामाघूम होऊन आला, ऐकलं, म्हणाला, "कुणीतरी दार बडवतंय असं वाटतंय."

"राहू दे तसंच," मी म्हटलं.

परवाच त्याने फोनवर त्या दिवसांची खोदून खोदून चौकशी केली होती. माझ्याबद्दल बोलायचं म्हणून तयारी करतोय बिचारा, असं समजून मी कपापर्यंत सगळं सांगितलं.

आता तो मंचावर माईक धरून उभा राहिला. मी खुर्चीत सावरून बसले.

"माझ्या खोलीला लागून डान्स हॉल होता," तो म्हणाला. "पाय प्लास्टरमध्ये, मी पलंगावर. फळीवर एक कप होता..."

मी खाली माझ्याच गुडघ्याकडे पाहिलं. धून गेली ती गेली, मेल्याने माझा पायसुद्धा सोडला नाही! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मागून एका मुलीने विचारलं, "भिंतीतून कुठलं गाणं ऐकू यायचं?"

धाकटा अडला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. शाळेत कविता विसरला की असाच पाहायचा. मी खालून ओठ हलवून सांगायचे. आताही सवयीने माझे ओठ हलायला लागले होते.

"ताईलाच विचारा," तो हसत म्हणाला. "ती घरीच असायची."

माईक माझ्या हातात आला. मी उभी राहिले.

"भिंतीतून गाणं कळत नाही, नुसता ठोका येतो," मी म्हटलं. "गाणं यालाच माहीत असणार. हा आत नाचत होता. पाय माझा मोडला होता. धून माझी आहे."

धाकटाच आधी खो खो हसला. "आमची ताई! लहानपणापासून माझं सगळं हिचंच असतं!"

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या हातातून हलकेच माईक काढून घेतला, आणि धून सुरू झाली. लोक उठून नाचायला लागले, वर धाकटाही. मी खुर्चीत बसले होते आणि प्रत्येक ठोक्याला खुर्चीचा हात माझ्या हाताखाली थरथरत होता.