ॲथलोनमधली ऋषीची भाजी

मला कुणी कमी लेखलेलं खपत नाही. हा माझा जुना दोष आहे, आणि आयर्लंडमधल्या ॲथलोन गावातल्या आमच्या घरामागे आज जी भाजीची बाग उभी आहे ती निव्वळ या दोषातून उगवली आहे.

गेल्या वर्षी ऋषिपंचमीला मी आमच्या सतरा जणांच्या मराठी गोतावळ्याला जेवायला बोलावलं होतं. भाजी केली होती सुपरमार्केटमधल्या गोठवलेल्या पाकिटांची. भेंडी, मका, फरसबी, लाल भोपळा. सगळ्यांनी बोटं चाटली. डब्लिनजवळ चेरीवूडला नोकरी करणारी भार्गवी तिच्या आईला घेऊन आली होती. ही आई म्हणजे सुरेखाकाकू, सांगलीकडच्या, दर गणपतीला लेकीकडे येतात. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "चव ब्येस हाय गं. पर ही ऋषीची भाजी न्हवं. आजच्या दिशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतंय. सोताच्या हातानं लावल्यालं खायचं. हे कुणी लावलं, कुणी तोडलं, कायबी ठावं न्हाई."

बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मी सगळ्यांसमोर बोलून बसले, "काकू, पुढच्या वर्षी याच. पातेल्यातली एकूण एक भाजी माझ्या हातची असेल. विकतचं पानसुद्धा नाही."

रात्रीची भांडी आवरताना माझा नवरा प्रताप म्हणाला, "वृंदा, पुण्यात तुझ्या हातून मनीप्लँट मेला होता."

"त्याला जगायचंच नव्हतं," मी म्हटलं.

मार्चमध्ये मी हातात कुदळ घेतली. प्रताप म्हणाला, माती उकरायचं यंत्र भाड्याने मिळतं, दोन तासांत काम होईल. मी म्हटलं, यंत्र म्हणजे आजचा बैलच, चालणार नाही. हिरवळ सोलून काढायला मला पाच शनिवार लागले. तळहाताला फोड आले आणि सोमवारी कारखान्यात हातमोजे चढवताना डोळ्यांत पाणी यायचं. मी तिथे हृदयात घालायच्या नळ्यांची तपासणी करते. कुणी विचारलं तर मी फोड दाखवायचे. लोक अंगठी दाखवतात तसे.

मग मी चुका केल्या, आणि त्याही अगदी आपल्या पद्धतीच्या. एक दिवस ऊन काय पडलं, मी भेंडी, गवार आणि दोडका थेट मातीत पेरून मोकळी झाले. इथलं एप्रिलमधलं ऊन नुसतं बघायचं असतं, हे मला कोण सांगणार? एकही बी वर आलं नाही. जे दुसरं लावलं होतं त्याला मी रोज आंघोळ झाली की तांब्या तांब्या पाणी घालत होते, वरून पाऊस चालूच. आठवड्याभरात मुळ्याची रोपं कुजली. कुंपणापलीकडे नोएल राहतो, निवृत्त बसड्रायव्हर, सत्तरीचा. तो बरेच दिवस गप्प बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"वृंदा, या देशात पाणी घालायचं खातं वरच्याकडे आहे," तो म्हणाला. "तू फक्त तण काढ. यू'ल बी ग्रँड."

त्यानेच मला बटाट्याचे कोंब कसे आणायचे आणि रोपांना मातीची भर कधी द्यायची ते शिकवलं. गोगलगायींसाठी वाटीत बिअर ओतून ठेवायची युक्तीही त्याचीच. ऐन श्रावणात आमच्या वाफ्यांत बिअरच्या सात वाट्या होत्या. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, तेव्हा मी खत आहे म्हणून सांगितलं.

पण जूनपासून बागेने माझी जी लाज राखली, ती मी जन्मात विसरणार नाही. पहिलं बीट उपटलं तेव्हा मी ते धुतलं नाही, आधी फोटो काढला. वाटाणा, फरसबी, चार्ड नावाचा तो पालकाचा थोराड भाऊ, कांद्याची पात, भोपळ्याची कोवळी पानं, खिडकीत वाढवलेल्या मिरच्या. बटाट्याचं पहिलं रोप उपटलं आणि खाली नऊ बटाटे निघाले. मी चिखलात बसकण मारून ते तीनदा मोजले. दर रविवारी मी ग्रुपवर फोटो टाकत होते. भार्गवीने एकदा लिहिलं, "अगं, पुरे आता, आमच्या बाल्कनीला न्यूनगंड येतो." मी ते वाक्य प्रतापला मोठ्याने वाचून दाखवलं.

ऑगस्टअखेर माझ्याकडे अकरा भाज्या होत्या. एकच सल होता. अळू नाही. आणि अळूशिवाय ऋषीची भाजी म्हणजे वरमाईशिवाय लग्न.

मग एके दिवशी माझं लक्ष बागेच्या कोपऱ्याकडे गेलं. हे घर घेतलं तेव्हापासून तिथे रुबार्ब नावाच्या झुडपाचा एक जुना बुंधा आहे. त्याचे लालसर आंबट दांडे मेमध्ये नोएलने मला तोडून दाखवले होते. मी त्यांचं गूळ घालून लोणचं केलं आणि ते आमच्या गोतावळ्यात गाजलं. दांडे देताना नोएल पानं कचाकच कापून खताच्या ढिगावर टाकायचा. केवढाली पानं! ताटाएवढी, शिरा उठून दिसणारी, थेट अळूची चुलत बहीण. मला त्या माणसाची दया आली. म्हटलं, यांना पाल्याची किंमत काय कळणार, दांडे खातात आणि सोनं फेकून देतात. मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर माझा हुकमाचा पत्ता आधीच उघडा झाला असता. आणि नोएलने आपणहून काही सांगितलं नव्हतं, कारण जे गावात सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणी कुणाला सांगत नाही.

यंदा ऋषिपंचमी नेमकी रविवारी आली. माणसं साडेबाराला येणार होती, प्रताप काहीजणांना आणायला सकाळीच डब्लिनला गेला होता. सकाळी मी सगळी बाग अक्षरशः ओरबाडली, चिंचेच्या पाण्यात ती पानं अळूसारखी शिजवली, आणि दहाच्या सुमाराला बारा भाज्यांचं मोठं पातेलं रटरटत होतं. नैवेद्याआधी चाखायचं नाही, म्हणून मी नुसता वास घेत होते. खोटं कशाला सांगू, त्या वासाने मला गहिवरून आलं.

तेवढ्यात मुक्ता खाली आली. माझी मुलगी, बारा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. बागेत तिने वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं. ओट्यावर उरलेलं एक पान तिने उचललं.

"आई, इज दिस रुबार्ब?"

"हो. आपलं आयरिश अळू."

"यू कुक्ड द लीव्ह्ज?" तिचा चेहरा पांढरा पडला. "आई, दे आर पॉयझन. एव्हरीवन नोज दॅट. आमच्या शाळेच्या गार्डनमध्ये टीचरने पहिल्याच दिवशी सांगितलं."

पोरगी घाबरून अर्धं वाक्य मराठीत बोलली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. तरी मी म्हटलं, "शिजवलं की जातं सगळं. अळूपण कच्चं खाजतंच." तिने फोन माझ्यासमोर धरला. शिजवलं तरी जात नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. उलट्या, मूत्रपिंड, लहान मुलांना धोका. येणाऱ्यांत चार लहान मुलं होती.

कारखान्यात एका नळीवर शंका आली तर मी अख्खी बॅच बाद करते, समोर मॅनेजर उभा असला तरी. तिथे मी मागेपुढे बघत नाही. इथे बघितलं. पातेल्यात माझे सहा महिने होते. मी एक मिनिट, पूर्ण एक मिनिट, पानं वेचून काढता येतील का असा विचार करत उभी राहिले, हे मी लपवणार नाही. मग गॅस बंद केला आणि ते भरलं पातेलं मागच्या ढिगावर ओतलं. ओतलं आणि तिथेच रडले.

"आता फोन करून सांगते, वरण-भात आहे म्हणून," मी म्हटलं.

मुक्ता पायजम्यावरच बूट चढवत होती. "व्हॉट्स लेफ्ट?" तिने विचारलं.

बटाट्यांची एक ओळ मी दिवाळीसाठी ठेवली होती. दोन-चार बिटं, चार्डची जून पानं, वेलावर हाताला न लागलेल्या शेंगा आणि एक हिरवा कच्चा भोपळा. बस्स. पाऊस भुरभुरत होता. मी कुदळ मारली आणि मुक्ताने कोपरापर्यंत हात घालून बटाटे काढले. एक बटाटा कुदळीने कापला गेला तर ती माझ्यावर ओरडली. बागेत कधीही न आलेली पोर मला शिकवत होती! मिरच्यासुद्धा तिनेच मोजून आणल्या. दुसरं पातेलं बारा पस्तीसला उतरलं, तेव्हा पहिली गाडी दारात लागत होती. आमच्या दोघींच्या नखांत माती होती.

"कुणाला सांगू नकोस," मी तिच्या कानात म्हटलं. तिने मान हलवली.

जेवणं झकास झाली. नारळ आणि मीठ सोडलं तर त्या भाजीत खरोखरच विकतचं काही नव्हतं. सुरेखाकाकूंनी भाज्या मोजल्या. "पाचच का गं? सात ऋषी हैत. दोघं उपाशी राहिली की." सगळे हसले, तरी काकूंनी भाजी तीनदा घेतली आणि म्हणाल्या, "आता कशी झाली! ही ऋषीची भाजी. हाताच्या कष्टाची." वर्षभर मी हेच वाक्य ऐकायला जगले होते. आणि ते ऐकलं तेव्हा मला समोर बसलेल्या मुक्ताकडे बघवेना. ती मान खाली घालून भात कालवत होती.

जेवणानंतर मंडळी बाग बघायला निघाली. मी पुढे, सगळे मागे. नोएलही त्याच्या बाजूला काहीतरी छाटत होता, त्याला हात केला. ओरबाडलेल्या वाफ्यांपुढे मी हातवारे करून काय काय उगवलं होतं ते सांगत होते. एवढ्यात भार्गवी कोपऱ्यातून ओरडली, "अय्या, वृंदा! हे अळूच की! एवढं असताना घातलं का नाहीस? मी नेऊ का गं पानं? आई उद्या वड्या करेल."

आणि तिने दोन पानं खुडलीसुद्धा.

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. तिने मला वचन दिलं होतं आणि ती ते पाळत होती. मी सहज म्हणू शकले असते, राहू दे, त्याला कीड लागलीय. ते माझ्या ओठांवर आलंही होतं. पण पुढच्या वर्षी कुणी आपल्या घरी असला बुंधा बघेल, आणि तिथे मुक्ता नसेल.

"टाक ती पानं," मी म्हटलं. "विषारी आहेत. मला माहीत नव्हतं. सकाळी मी ती शिजवली होती. बारा भाज्यांचं पातेलं केलं होतं तुमच्यासाठी, या पानांसकट. ते ओतून दिलं. तुम्ही जेवलात ती नंतरची. म्हणून पाच."

भार्गवीने पानं अशी टाकली की जणू चटका बसला. प्रतापला हे आत्ताच कळत होतं, तो तोंड उघडं टाकून उभा होता. माझे कान तापले. वर्षभराची मिजास त्या गवतावर सांडली होती आणि सतरा माणसं ती बघत होती.

सुरेखाकाकू हळूहळू पुढे आल्या. त्यांनी आधी ती पानं निरखली.

"म्याबी अळूच समजली असती," त्या म्हणाल्या. "आन भरलं पातेलं तू वतलंस? पावनं दारात येत असताना?"

"हो."

"मग वळखलं कुणी ह्ये?"

मुक्ता माझ्यामागे सरकली होती. मी तिचा हात धरून तिला पुढे ओढलं. तिच्या नखांत अजून माती होती.

"माझ्या लेकीने," मी म्हटलं. "आणि आज तुम्ही जेवलात तो बटाटान् बटाटा हिने काढलाय."

हे मी इतक्या मोठ्याने म्हटलं की कुंपणापलीकडे नोएलने, एक अक्षर कळत नसताना, हातातली कात्री खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.