भंडारा लागलेला उंदीर

घरात उंदीर झाला आणि त्याचं सगळं खापर फुटलं प्रांजलच्या बिस्किटांवर.

सांगलीसारखं शहर सोडून माण तालुक्यातल्या या गावात सून म्हणून येऊन तिला जेमतेम दीड महिना झाला होता. चहाबरोबर दोन बिस्किटं खायची, एवढीच काय ती माहेरची सवय तिनं बरोबर आणलेली. पण सासूला, बनाबाईला, तेवढं पुरलं. "चाळीस वर्सं या घरात उंदराचं नाव न्हवतं. आता बिस्किटाचा भुगा सांडतोय आन् उंदीर येतोय," हे ती सकाळ-संध्याकाळ ऐकवायची. बरं, घरात ऐकवून गप्प बसावं की नाही? बाईनं ते साऱ्या आळीला ऐकवलं. शेजारची चुलतसासू रंगूबाई तर नळावर प्रांजलला गाठून विचारायची, "काय गं, आज किती पुडे फोडलं?" प्रांजलच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात रविवार तोंडावर आला. रविवारी नव्या सुनेच्या नावानं घरात खंडोबाची तळी उचलायची होती. नवरा मल्हार मुंबईहून यायचा होता, सगळी भावकी जमायची होती. आणि तळी मांडायची ती एका काळ्या घोंगड्यावर. हे घोंगडं साधंसुधं नव्हे. सासऱ्यानं, अर्जुनानं, मेंढरं विकायच्या आधी शेवटच्या लोकरीचं ते विणून घेतलं आणि वर्षाच्या आत तो गेला. बनाबाईनं ते लाकडी पेटीत कुलपात ठेवलेलं, किल्ली कमरेला. त्याला उंदराचा दात लागला, तर बिस्किटवाल्या सुनेनं देवाचं घोंगडं घालवलं, हे जन्मभर ऐकावं लागणार. प्रांजलला रात्री-बेरात्री त्याचीच धास्ती.

औषधाचं नाव काढलं तर बनाबाई अंगावर यायची. देवाचं काम तोंडावर असताना घरात जीव मारायचा नाही, हा तिचा कायदा. उंदीर धरायचा, त्याच्यावर चिमूटभर भंडारा, म्हणजे देवाची हळद, टाकायची आणि ओढ्यापलीकडं सोडायचा. पण धरायला तो सापडायला नको का? पिंजऱ्यातला भाकरीचा तुकडा आठवडाभरात वाळून दगड झाला. उंदरानं तो हुंगलासुद्धा नाही.

"आत्या, याला घरात भाकरीपेक्षा चांगलं काहीतरी मिळतंय," प्रांजल म्हणाली.

"मिळतंय की. बिस्किट," सासू म्हणाली.

शनिवारी दुपारी प्रांजल हट्टालाच पेटली. तिनं गरमागरम कांदाभजी तळली आणि एक पिंजऱ्याच्या आकड्याला अडकवली. अर्ध्या तासात खटकन आवाज आला. प्रांजल धावली, मागनं बनाबाई धावली. आत हा एवढा उंदीर, गरगरत होता. "घावला गं पोरी, घावला," म्हणत बनाबाईनं भंडाऱ्याच्या डब्यात हात घातला. पण आनंदाच्या भरात बाईनं चिमटीऐवजी अख्खी मूठच पिंजऱ्यावर उधळली. हाताच्या धक्क्यानं पिंजरा कलंडला, दार उघडलं आणि पिवळाधमक उंदीर हातावर तुरी देऊन पसार झाला.

मग जी पळापळ झाली, ती सांगायची सोय नाही. प्रांजलच्या हातात खराटा, बनाबाईच्या हातात सूप. उंदीर चुलीमागं, दोघी चुलीमागं. उंदीर उंबऱ्याकडं, दोघी एकमेकींवर आपटल्या. एकाएकी तो दिसेनासा झाला.

"गेला," बनाबाई मटकन बसली.

"कुठं जातोय? आवं आत्या, फरशी बघा."

काळ्या फरशीवर पिवळी इवली पावलं उमटली होती. प्रांजल वाकून त्यांच्या मागं निघाली. पावलं कोपऱ्यात वळली आणि लाकडी पेटीमागं गेली. दोघींनी जोर लावून पेटी ओढली. मागच्या फळीला, अगदी खाली, लिंबाएवढं भोक होतं. भोकाच्या कडेला भंडारा लागला होता.

बनाबाईला किल्लीच लागेना. शेवटी प्रांजलनं कुलूप काढलं. झाकण उघडताच उंदीर सासूच्या खांद्यावरून उडी मारून दारातनं जो सुटला, तो थेट ओढ्याच्या दिशेनं. त्याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. घोंगड्याचा एक कोपरा वीतभर कुरतडलेला होता. आणि तिथंच फडक्याची एक अर्धी गाठ लोंबत होती.

"हे काय बांधलंय, आत्या?"

बनाबाईनं ती गाठ चाचपून बघितली. मग हळूच म्हणाली, "खोबऱ्याची वाटी. देवाचं घोंगडं रिकामं ठिवत न्हाईत. एरवी आढ्याला टांगल्यालं असतंय. तुज्या लग्नात पावण्यांचे हात नकोत म्हणून पेटीत घातलं, आन् गाठ तशीच ऱ्हायली."

म्हणजे दीड महिना उंदराला खोबऱ्याचं जेवण होतं, तेही कुलपात. तो वाळकी भाकरी कशाला खाईल?

प्रांजलला वाटलं, आत्ता बाहेर जावं आणि साऱ्या आळीला ओरडून सांगावं. जिभेवर आलं होतं. पण सासू त्या कुरतडलेल्या लोकरीवरनं हात फिरवत होती, धन्याच्या पाठीवरनं फिरवावा तसा. प्रांजलनं जिभेवरचे शब्द गिळले. तिनं आपणहून फडताळातलं दाभण आणि उरलीसुरली लोकर आणली. बनाबाईला नेढं दिसत नव्हतं, म्हणून लोकर तिनं ओवली, टाके सासूनं घातले. निम्म्यात काळी लोकर संपली, उरलेला कोपरा पांढऱ्या लोकरीनं भरला.

रविवारी भावकी जमली, तळी उचलून झाली, येळकोट घुमला. रंगूबाईची नजर मात्र त्या पांढऱ्या कोपऱ्यावर. "बघा. झालं का न्हाई बिस्किटानं?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. मल्हार बायकोकडं बघायला लागला. प्रांजल खाली मान घालून उभी होती.

"बिस्किटानं न्हाई," बनाबाई म्हणाली. "माज्या खोबऱ्यानं केलं. म्या बांधलं, मीच विसरले, आन् दीड म्हैना बोल लावला या लेकराला. उंदीर धरला तो हिनं."

बनाबाई उठली, आतनं बिस्किटांचा पुडा घेऊन आली, तो फोडून ताटलीत ओतला आणि चहाबरोबर ताटली फिरवायला लागली. पहिलं बिस्किट तिनं रंगूबाईच्या हातावर ठेवलं.