गाडी थांबविण्यात यावी

कुंडलिकतात्यांना साधं लिहिणं म्हणजे कमीपणा वाटे. त्यांच्या अर्जात विहीर कधी आटायची नाही, तिचे 'जलस्रोत क्षीण' व्हायचे. वाडीला केवढा अभिमान! अर्ज कळला नाही की समजावं, झकास झालाय.

अठ्ठ्याण्णव साली नात सारिकाची बारावीची परीक्षा आली. केंद्र मुरबाडला. जीप भरल्याशिवाय हलत नसे आणि सकाळची एसटी वाडीच्या फाट्यावरून न थांबता सुसाट जायची. तात्यांनी डेपोला अर्ज ठोकला: 'सदर बसफेरी प्रस्तुत ठिकाणी तात्काळ थांबविण्यात यावी.'

आठ दिवसांत उत्तर आलं. मागणीनुसार फेरी बंद केली होती.

घ्या! चार गावांची गाडी गेली. "तात्या, गाडी मागितली का घालवली?" जो तो विचारू लागला. सारिका मात्र नुसती पुस्तक मिटून बसली. तात्यांना तेच जास्त लागलं. परीक्षेला पाच दिवस उरले होते.

त्यांनी कागद घेतला. 'उपरोक्त विषयान्वये...'

"काय लिवता?" बायकोनं, जनीनं, तांदूळ पाखडता पाखडता विचारलं.

"तुला नाय कळायचं."

"मंग डेपोवाल्याला कसं कळंल? तो काय माझ्याहून शाना हाय?"

"मग तूच सांग," तात्या वैतागले.

जनीनं सूप खाली ठेवलं. "लिवा. सायेब, चूक आमची. सकाळची गाडी परत चालू करा. ती आमच्या फाट्यावर उभी करा. सोमवारी पोरीची परीक्षा हाय. चालून दमली तर ती लिवंल काय?"

तात्यांनी 'हाय'चं 'आहे' केलं. एखादं 'उपरोक्त' घालायला हात शिवशिवत होता, पण जनीनं डोळे वटारले. पहाटे चालत निघून त्यांनी डेपो गाठला. साहेबांनी कागद एकदाच वाचला, हसले आणि फोन उचलला.

सोमवारी गाडी फाट्यावर उभी राहिली. सारिका चढली. कंडक्टर दारातून ओरडला, "तात्या, सायबांनी तुमचा अर्ज आमाला वाचून दाखवला. काय लिवलाय!"

जन्मभर अशा शाबासकीवर जगलेला माणूस. तात्यांची छाती फुगली. मग त्यांनी शेजारी उभ्या जनीकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम भरून आलं.

"मी नाय," ते म्हणाले, "हिनं लिवलाय."

"इश्श! मला कुठं लिवता येतंय? गप ऱ्हावा," म्हणत जनी त्यांना ओढू लागली. गाडी गेली तरी तात्या रस्त्यानं भेटेल त्याला थांबवून तेच सांगत होते.